ओल कुणाची, खर्च कुणाचा

अनगोळच्या आमच्या भाड्याच्या घरात पहिल्याच पावसाळ्यात बुरशी आली. बेळगावात हे नवल नाही. मृगाचा पाऊस धरला की गणपतीपर्यंत चपला, पट्टे, दप्तरं, पुस्तकांचे पुठ्ठे, सगळ्यांवर पांढरट थर येतोच. लोक तो फडक्यानं पुसतात आणि कामाला लागतात. आमची बुरशी मात्र काळी होती, भिंतीवर होती, आणि पुसली तरी चार दिवसांत त्याच जागी उगवत होती. एक दिवस कपाट सरकवलं तर मागं भिंतभर ठिपके. कपाटाची प्लायची पाठ मऊ पडलेली. बायकोच्या इरकली साड्यांच्या घड्यांत जो कुबट वास बसला, तो पुढं उन्हात टाकूनही पुरता गेला नाही.

आम्ही वरच्या मजल्यावर, मालक खाली. काका-काकू दोघंच राहतात, मुलगा पुण्याला नोकरीला. भाडं ९,५०० रुपये, डिपॉझिट ५०,००० आणि करार ११ महिन्यांचा. अकराच का, तर वर्षावरचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो आणि त्या खर्चात नि खेट्यांत ना मालकाला पडायचं असतं ना भाडेकरूला.

काकांना वर बोलावलं. चष्मा कपाळावर सारून त्यांनी भिंत बघितली आणि म्हणाले, "खिडक्या उघडता की नाही वो तुम्ही? कपडे सगळे घरातच वाळत घालताय. वाफ कोंडणार नाही तर काय? आम्ही खाली तीस वर्षं ऱ्हातोय की. आम्हाला कुठं आली बुरशी?"

मी म्हटलं, "काका, वरनं पाणी मुरतंय. तो कोपरा बघा, पोपडे निघालेत."

"ते रंगाचे पोपडे वो. पेंटरनं हलका रंग वापरलाय."

ते कपाटामागच्या भिंतीबद्दल बोलत होते, मी पश्चिमेच्या, बाहेरच्या भिंतीबद्दल. तेव्हा दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. भांडण मात्र झालं नाही, कारण खालून काकूंनी चहाला हाक मारली. काकूंचं हे टायमिंग पुढंही पुष्कळ उपयोगी पडलं.

आईला दमा आहे. त्या खोलीत झोपणारी तीच. रात्री खोकल्याची उबळ वाढायला लागली तेव्हा डॉक्टरांनी औषध बदलायच्या आधी विचारलं, घरात ओल आहे का? आहे म्हटल्यावर पहिल्यांदा तिला त्या खोलीतून हलवा, म्हणाले. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक पुस्तिका काढली होती. अशा घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा यांचा त्रास जास्त होतो असं तिच्यात म्हटलंय. पण बुरशी इतकी असली तर चालेल आणि इतकी झाली तर धोका, असा आकडा तिच्यात दिलेला नाही. ओल होऊ देऊ नका आणि झाली तर काढा, एवढंच. मला हे बरं वाटलं. नाहीतर आम्ही भिंतीवरचे ठिपके मोजत बसलो असतो. आईचं अंथरूण बाहेरच्या खोलीत आलं आणि मुलीचा अभ्यास स्वयंपाकघरात गेला.

मग करार बाहेर काढला. ई-स्टॅम्पच्या कागदावर, कोर्टाजवळच्या टायपिस्टनं कन्नडमध्ये केलेला. सही करताना टायपिस्टनं भराभर सांगितलं होतं आणि आम्ही माना डोलावल्या होत्या, तशा इकडं सगळेच डोलावतात. मुलगी आठवीत आहे, मराठी शाळेत, पण कन्नड तिला आमच्यापेक्षा चांगलं येतं. तिनं एकेक ओळ वाचून अर्थ सांगितला. घर आतून स्वच्छ व सुस्थितीत ठेवणं भाडेकरूकडे. किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची, मोठी दुरुस्ती मालकाची. घर सोडताना रंगकामाचा खर्च डिपॉझिटमधून कापणार. बुरशी किरकोळ की मोठी, हे अर्थातच कुठं नव्हतं.

ओळखीचे एक वकील आहेत, त्यांच्याकडे संध्याकाळी जाऊन बसलो. मला वाटत होतं कर्नाटकाचा भाडे कायदा माझ्या बाजूचा असेल. ते हसले. १९९९ चा तो कायदा कमी भाड्याच्या जागांसाठी. राज्यात कुठंही असा, भाडं महिना ३,५०० रुपयांच्या वर गेलं की तो तुम्हाला लागू होत नाही; लहान गावांत तर २,००० च्या वरच बंद. म्हणजे आजच्या भाड्यांत जवळजवळ कुणीच त्यात बसत नाही. आमच्यासारख्यांना १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरण कायदा, आणि त्यातलं कलम १०८.

त्यांनी ते कलम समजावून सांगितलं ते इथं लिहितो, कारण भाड्यानं राहणाऱ्या निम्म्या बेळगावाला ते ठाऊक नसावं. पहिली गोष्ट म्हणजे हे कलम सुरूच होतं ते करारात किंवा स्थानिक रिवाजात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, अशा अटीनं. म्हणजे आधी करार, मग कायदा. दुसरी गोष्ट मला धक्का देणारी होती. मालकानं घर दुरुस्त करून द्यायलाच हवं, असं सरसकट बंधन त्यात नाही. ज्या दुरुस्तीला तो बांधलेला आहे ती त्यानं कळवूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूनं स्वतः करून घ्यावी आणि खर्च व्याजासकट भाड्यातून वळता करावा, असं आहे. बांधलेला कशानं? करारानं. म्हणून आमच्या करारातलं ते "मोठी दुरुस्ती मालकाची" हे तीन शब्दांचं कलम सोन्याचं होतं. ते नसतं तर माझ्या हातात फारसं काही नव्हतं. तिसरी, भाडेकरूनं घर मिळालं त्या स्थितीत राखून परत द्यायचं, वापरानं होणारी साधारण झीज सोडून; मालकाला बघायला आत येऊ द्यायचं; आणि दोष भाडेकरूमुळंच झाला असेल, तर मालकानं कळवल्यापासून तीन महिन्यांत तो भरून काढायचा. चौथी, घरात सहज न दिसणारा मोठा दोष मालकाला ठाऊक असेल तर त्यानं तो आधी सांगायला हवा.

"भाडं थांबवू नका," वकिलांनी दोनदा बजावलं. "लोक रागानं पहिलं तेच करतात. मग बुरशी राहते बाजूला आणि थकबाकीदार तुम्ही ठरता." करार संपून महिन्या-महिन्यानं राहत असाल तर पंधरा दिवसांच्या नोटिशीवर मालक घर खाली करायला सांगू शकतो, हेही त्यांनीच सांगितलं. केंद्रानं २०२१ मध्ये नमुना भाडे कायदा काढला. त्यात इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, पाइप बदलणं हे मालकाकडे आणि नळ, बटणं, सॉकेट, खिडकीच्या काचा, गटार साफ करणं हे भाडेकरूकडे, अशी सरळ यादीच आहे. पण राज्यानं तो घेतल्याशिवाय तो इथं बंधनकारक नाही. "कोर्टात चालणार नाही," वकील म्हणाले, "चहाच्या टेबलावर मात्र चालतो."

उठताना त्यांनी विचारलं, "पण पाणी येतंय कुठनं, ते तुम्ही बघितलंय काय?"

सगळं यावर अडलं होतं. बाहेरनं मुरत असेल तर ती मोठी दुरुस्ती, मालकाची. पाइप फुटला असेल तर तीही त्यांचीच. आणि घरातली वाफ गार भिंतीवर बसत असेल, तर काका म्हणत होते तेच खरं.

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात आहे, वाळूच्या लॅबमध्ये. दिवसभर ओल मोजणं हेच माझं काम. साच्याच्या वाळूत पाणी साधारण तीन-चार टक्के लागतं. त्याहून वाढलं की ओतकामात वाफेचे फुगे धरतात आणि अख्खी बॅच भंगारात. ओल मोजायला आमच्याकडे एक बंद डबी असते. वजन केलेली वाळू आणि कॅल्शियम कार्बाइडची पूड तीत घालून हलवायची. वाळूतल्या पाण्यानं कार्बाइडमधून ॲसिटिलीन वायू निघतो, त्याचा दाब डबीच्या बुडाच्या काट्यावर थेट टक्क्यांत दिसतो. मनात आलं, वाळू मोजता येते तर गिलाव्याची पूड का नाही?

साहेबांना विचारून डबी शनिवारी घरी आणली. काकांची परवानगी घेतली, कारण भिंतीला भोक पाडायचं होतं आणि भिंत त्यांची. ते नको म्हणतील असं वाटलं होतं, पण स्वतः टॉर्च घेऊन उभे राहिले. निवृत्त माणसाला असलं काही तरी हवंच असतं. दोन्ही भिंतींवर तेच केलं. आधी वरचा पातळ थर खरवडून एका बाटलीत. मग ड्रिल अगदी सावकाश फिरवत, म्हणजे पूड तापून पाणी उडायला नको, दोन इंच आतली पूड दुसऱ्या बाटलीत. बाटल्या लगेच बंद.

पश्चिमेची भिंत आतून जास्त ओली निघाली. खरवडलेल्या थरापेक्षा आतल्या पुडीत ओल जवळजवळ दुप्पट. म्हणजे पाणी बाहेरून आत येत होतं. त्या भिंतीवर छताखाली पांढरा लोणाही धरला होता. विटांतले आणि सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर वर येतात आणि पाणी वाळलं की ते मागं उरतात. कपाटामागची भिंत नेमकी उलटी. ती आतली भिंत, पलीकडे जिना. वरचा थर ओला, दोन इंच आत कोरडी. लोणा नाही, नुसते काळे ठिपके. ही वाफेची ओल. खात्रीसाठी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल दोन्ही भिंतींवर हातभर लावून कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. दोन दिवसांनी पश्चिमेच्या फॉइलची भिंतीकडची बाजू ओली, कपाटामागच्या फॉइलवर खोलीकडच्या बाजूला थेंब.

काकांनी काटा स्वतः वाचला, परत एकदा डबी हलवून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे निम्मं माझं, निम्मं तुमचं."

इतकं सरळ ते राहिलं नाही. रात्री मुलाचा फोन झाला असावा. सकाळी काकांचा सूर बदलला. पावसाळ्यात सगळ्यांचीच भिंत पाझरते, दिवाळीला बघू, नाही पटत तर घर बदला. भाडेकरूच्या पोटात गोळा येतो तो या शेवटच्या वाक्यानं. आईला घेऊन भर पावसात कुठं जाणार? आणि अनगोळात या भाड्यात दोन खोल्या नि स्वयंपाकघर मिळणं सोपं नाही.

वकिलांनी सांगितल्याप्रमाणे पत्र लिहिलं. मराठीत, कारण आम्हा दोघांनाही तीच नीट वाचता येते, आणि समोरच्याला कळेल अशा भाषेत कळवलं म्हणजे झालं, असं त्यांनी सांगितलं होतं. कायद्याची धमकी त्यात घातली नाही. कोणत्या भिंतीला, कोणत्या तारखेपासून, काय झालं. घरात आलो त्या दिवशीचे फोटो आणि आताचे फोटो. ओल कुठून येते याची आम्ही केलेली तपासणी. करारातलं मोठ्या दुरुस्तीचं कलम. पाऊस संपल्यावर अमुक मुदतीत बाहेरून दुरुस्ती व्हावी, तोवर तात्पुरता बंदोबस्त व्हावा. आणि वाफेच्या भिंतीचं आम्ही बघतो, हेही. दोन प्रती केल्या, एकीवर काकांची पोच. व्हॉट्सॲपवर फोटो आधीच गेले होते, पण पोच घेतलेल्या कागदाचं वजन वेगळं. सही करताना काका गप्प होते. जिन्यात काकूंनी मला थांबवून सांगितलं, "राग मानू नका वो. त्यांना खर्चाचं भ्या वाटतंय. पेन्शन किती, तुम्हाला ठावं हाय." ते मला ठाऊक नव्हतं, पण अंदाज होता. वरच्या मजल्याचं भाडं हेच त्यांच्या औषधांचं निम्मं बिल भागवत होतं. मालक म्हणजे पैसेवाला हे आपण धरून चालतो. बेळगावातले निम्मे मालक निवृत्तीच्या पैशांत वर एक स्लॅब टाकून बसलेली माणसं आहेत, आणि स्लॅब टाकतानाच पैसे संपलेले असतात. वरच्या मजल्याच्या भिंतीला बाहेरून नुसता एक हात गिलावा, हे त्याचंच फळ.

तात्पुरता बंदोबस्त म्हणून पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पत्रे मारले. खानापूरकडच्या घरांना तुम्ही बघितले असतील. आपल्याकडे पाऊस पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि ती एकच भिंत तीन महिने सडकून भिजत राहते. पत्रे दिसायला वाईट, पण भिंत वाळू लागली. त्याचे पैसे मी दिले आणि काकांच्या सहीनं पुढच्या भाड्यातून वळते केले. सहीशिवाय केलं नसतं.

खरं काम दिवाळीनंतर. गवंड्यानं गच्चीवर जाऊन पहिल्यांदा पाण्याचं भोक फडक्यानं बंद केलं आणि पाणी साठवून दोन दिवस ठेवलं. स्लॅबखाली थेंब नाही. म्हणजे स्लॅब शाबूत, गळती कठड्याच्या बुडाशी. कठडा आणि स्लॅब जिथं मिळतात तिथं लांबच लांब चीर गेली होती, आणि तिथून पाणी भिंतीत उतरत होतं. शिवाय छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडायची खाच नव्हती. छज्जावरचं पाणी खालून वळून भिंतीला चिकटत यायचं. गवंड्यानं चीर रुंद करून भरली, कठड्याच्या बुडाशी सगळीकडे कोपरा भरून गोल वाटा, म्हणजे गोलाई काढली, छज्जाला खाच पाडली, बाहेरचा फुगलेला गिलावा पाडून वॉटरप्रूफिंगचं औषध घातलेला नवा केला. काकांना अख्ख्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर घालायला सांगणारा एक ठेकेदारही येऊन गेला होता. पाणी साठवून बघितलं नसतं तर त्यांनी बिचाऱ्यांनी तेही केलं असतं, आणि पैसे घालूनही भिंत पाझरतच राहिली असती.

आतला गिलावा आम्ही लगेच रंगवू दिला नाही. पेंटर घाईत होता. पण भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला महिने लागतात. वरून रंग चढवला की ते आतच कोंडतं आणि रंग फुगतो. मकरसंक्रांतीपर्यंत भिंत तशीच उघडी ठेवली. बेळगावची थंडी कोरडी असते, तिनं काम केलं.

आमच्या बाजूची भिंत कमी खर्चाची पण जास्त कटकटीची. "खिडक्या उघडा" हे ऐकायला सोपं. श्रावणातल्या झडीत बाहेरचीच हवा पाण्यानं भरलेली, खिडकी उघडली की तीच आत. उपयोग होतो तो घरात तयार होणारी वाफ बाहेर काढल्यानं. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा बसवला, आंघोळीच्या खोलीचं दार आंघोळीनंतर बंद आणि तिथली झडप उघडी. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढलं. ठिपके कोरड्या ब्रशनं घासले नाहीत, त्यानं बुरशीची धूळ घरभर उडते. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्यानं पुसले आणि भिंत पंख्याखाली वाळवली. कुणी ब्लीच सांगितलं, कुणी व्हिनेगर, शेजारच्या वहिनींनी दोन्ही एकत्र करायला सांगितलं. ते मुळीच करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

कपड्यांचा प्रश्न उरला. चार माणसांचे धुतलेले कपडे रोज घरात वाळवायचे म्हणजे बादलीभर पाणी हवेत सोडायचं. जिन्याखालच्या पोर्चमध्ये दोरी बांधायला काकांनी आधी मनाई केली होती, गाडी लावायला अडचण होते म्हणून. ही मनाई नि ती बुरशी यांचा संबंध त्या डबीच्या काट्यानंच त्यांना पटवला. आता पावसाळ्यात गाडी रस्त्यावर आणि पोर्चमध्ये दोन्ही घरांचे कपडे.

नवा करार झाला तो मुलीनं आधी वाचून दाखवला, मग सह्या. गच्ची, बाहेरच्या भिंती, पाइप आणि त्यांतून येणारी ओल मालकाकडे. घरातली हवा खेळती ठेवणं, वाफेची बुरशी पुसणं, गळती दिसली की आठ दिवसांत लेखी कळवणं आमच्याकडे. कळवायला उशीर झाला आणि नुकसान वाढलं तर ते वाढीव आमचं, ही अट काकांनी घातली आणि ती मला रास्त वाटली. भाडं ५०० रुपयांनी वाढलं.

पुढच्या पावसाळ्यात पश्चिमेची भिंत कोरडी राहिली, आई त्या खोलीत परत गेली. कपाटामागं एका कोपऱ्यात थोडे ठिपके आले ते आम्ही पुसले. रंगाचं कलम मात्र काकांनी काढू दिलं नाही. "ते समद्या गल्लीत हाय वो," म्हणाले. पश्चिमेची भिंत तेवढी त्यातून वगळून घेतली. बाकीच्या रंगाचे डिपॉझिटमधून किती कापतात, ते घर सोडताना कळेल.